पेशींची पकड

शरीरातील बहुतेक पेशींना जगायला आणि वाढायला आधार लागतो. पेशीच्या आवरणातील इंटिग्रिन नावाची प्रथिने हा आधार धरून ठेवतात. या आधारातल्या फायब्रोनेक्टिन नावाच्या प्रथिनात ती नेमके काय पकडतात, हे मायकेल पियर्शबाकर आणि एर्की रुओस्लाहती यांनी १९८४ मध्ये दाखवून दिले: आर्जिनिन, ग्लायसिन आणि अ‍ॅस्पार्टिक आम्ल या क्रमाचा छोटासा तुकडा.

पकड मोजण्याच्या पद्धती अनेक. पेशींवरून द्रवाचा प्रवाह सोडून तो वाढवत नेतात आणि किती वेगाला किती पेशी सुटतात ते पाहतात. एकेका पेशीचा जोर मोजायचा तर अणुबल सूक्ष्मदर्शकाच्या लवचीक पट्टीला पेशी चिकटवून ती पृष्ठभागावर टेकवतात आणि ओढून काढतात. पट्टी किती वाकली यावरून बल कळते. ते नॅनोन्यूटनमध्ये मोजतात.

पकड हवी तेव्हा सोडवताही येते. एरवी प्रयोगशाळेत त्यासाठी ट्रिप्सिन हे प्रथिने तोडणारे विकर वापरतात, पण त्याने पेशींची प्रथिनेही तुटतात. जपानमधील तेरुओ ओकानो यांच्या गटाने पेशी वाढवण्याच्या बशीवर तापमानानुसार बदलणाऱ्या बहुवारिकाचा थर दिला. ३७ अंशांना पेशी त्यावर चिकटतात. तापमान ३२ अंशांखाली नेले की थर पाणी शोषतो आणि पेशींचा अखंड पापुद्रा सुटतो. असे पापुद्रे डोळ्याच्या पारपटलाच्या उपचारासाठी वापरले गेले आहेत.