जुन्या व्हॅनचे ब्रेक पाईप : केव्हा बदलावेत, कसे बदलावेत?

पैठणहून छत्रपती संभाजीनगरपर्यंत सुमारे पन्नास किलोमीटरचा रस्ता. ढोरकीन, बिडकीन, चितेगाव अशी गर्दीची गावे ओलांडत आपले कितीतरी व्यापारी व कारागीर बांधव आपल्या जुन्या व्हॅनमधून रोज माल नेतात-आणतात. कुणाची मारुती ओम्नी असते, कुणाची त्याहून जुनी मेटॅडोर. ओम्नीची व्हॅन १९८४ मध्ये बाजारात आली आणि २०१९ मध्ये तिचे उत्पादन थांबले. म्हणजे आज रस्त्यावर असलेली शेवटची ओम्नीसुद्धा आता नवी राहिलेली नाही. इंजिनाचे काम निघाले की आपण ताबडतोब मिस्त्रीकडे जातो, कारण गाडी जागची हलत नाही. ब्रेकच्या पाईपचे तसे नाही. तो गाडीच्या पोटाखाली चिखलात दडलेला असतो, आणि फुटेपर्यंत कधी तक्रार करीत नाही.

हा पाईप करतो काय, ते आधी पाहू. पायडल दाबले की मास्टर सिलिंडरमधील ब्रेक ऑईल पातळ नळ्यांतून चारी चाकांकडे ढकलले जाते. द्रव दाबला जात नाही, म्हणून पायाचा जोर जसाच्या तसा चाकापर्यंत पोहोचतो. टायरमधील हवेचा दाब तीस पौंडांच्या आसपास असतो. जोराने ब्रेक मारला तर या नळीत तो हजार पौंडांच्या वर जातो. आणि नळीची जाडी किती? बहुतेक लहान गाड्यांत बाहेरून अवघी ४.७५ मिलिमीटर.

आपल्याकडची काळी माती या नळीची मोठी वैरी आहे. पावसाळ्यात ती चेसीसला, क्लिपांच्या मागे लिंपली जाते आणि आठवडेच्या आठवडे ओल धरून ठेवते. म्हणून नळी उघड्यावर कमी आणि क्लिपेखाली जास्त गंजते. तपासायची तर क्लिप सोडवून, तारेच्या ब्रशने माती काढून तपासावी. वरवरचा तांबूस थर असेल तर चालते. पण पापुद्रे सुटत असतील, खड्डे पडले असतील किंवा कुठे ओलसर डाग दिसत असेल, तर ती नळी बाद समजावी. चाकाजवळचे रबरी होज पाईप वाकवून पाहावेत. बारीक भेगा किंवा फुगवटा दिसला तर ते बदलावेत. कधी कधी होज बाहेरून चांगला दिसतो, पण आतून फुगलेला असतो. मग ऑईल जाते, परत येत नाही. एक चाक तापते आणि गाडी एका बाजूला ओढते. लोक लायनर बदलत बसतात, दोष मात्र होजमध्ये असतो.

आता एका वाईट सवयीबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. वाटेत एका चाकाची नळी फुटली की ती हातोडीने चेपून, दुमडून बंद करायची, ऑईल भरायचे आणि ‘तीन चाकांवर’ गाडी चालवायची, हा जुगाड सर्रास चालतो. गॅरेजपर्यंत हळूहळू गाडी नेण्यासाठी केलेला हा उपाय पुढे महिनोन्‌महिने तसाच राहतो. रिकाम्या गाडीत फरक जाणवत नाही. पण माल भरलेला असताना, ओल्या रस्त्यावर अचानक ब्रेक मारावा लागला की गाडी एका अंगाला फेकली जाते. नाथषष्ठीच्या गर्दीत किंवा ईदच्या आधीच्या बाजारात असे झाले तर समोर कोण असेल, याचा विचार आपणच करावा. नळीला डाग देणे, एम-सील लावणे, मध्येच तुकडा जोडणे हेही त्याच जातीचे उपाय आहेत. पाईप बदलायचा तो या जोडापासून त्या जोडापर्यंत अखंड.

बदलताना कोणता पाईप घ्यावा? कंपनीचा तयार, वळणे दिलेला पोलादी पाईप मिळत असेल तर तो सर्वांत सोपा. काही जण साधी तांब्याची नळी घालतात, कारण ती हाताने वाकते. आपल्यातील कल्हईवाले आणि तांब्याचे काम करणारे बांधव यातला धोका चटकन ओळखतील: तांबे ठोकत, वाकवत गेले की कडक होते, आणि न भाजता तसेच वापरले की तडकते. गाडीच्या हादऱ्यांनी तेच घडते. सुधारणा करायचीच असेल तर तांबे-निकेलच्या मिश्रधातूची नळी घ्यावी. यात साधारण नव्वद टक्के तांबे आणि दहा टक्के निकेल असते. ती गंजत नाही, हाताने वळते आणि हादरेही सोसते. स्वीडनच्या व्होल्वो कंपनीने १९७६ पासून आपल्या मोटारींत ती वापरली. पोलादी जाळीचे होज मात्र आमच्या मते व्यापाऱ्याच्या व्हॅनला गरजेचे नाहीत. चांगल्या कंपनीचा नवा रबरी होज पुरेसा आहे. एकाच मार्गाचा मास्टर सिलिंडर असलेल्या फार जुन्या गाडीत एक नळी फुटली की चारी ब्रेक जातात. तिथे दुहेरी मार्गाचा सिलिंडर बसवता येत असेल तर पैसा त्यावर खर्च करावा, पण ते काम जाणत्या मिस्त्रीचेच.

काम करताना आपण शेजारी उभे राहून काही गोष्टी पाहाव्यात. नळी करवतीने कापू देऊ नये, कीस आत राहतो. तिच्यासाठी वेगळा कटर असतो. तोंड फुलवण्याआधी नट नळीत घातला आहे ना, हे पाहावे (हे विसरून अख्खी नळी वाया घालवणारे मिस्त्री कमी नाहीत). जपानी बनावटीच्या गाड्यांत तोंड दुहेरी फुलवलेले असते. जुना तुकडा शेजारी ठेवून नवे तोंड ताडून घ्यावे. इथे टेफ्लॉन टेप लावायची नसते, धातूवर धातू बसूनच जोड बंद होतो. नळी जुन्याच वाटेने, सायलेन्सरपासून दूर न्यावी आणि प्रत्येक क्लिप परत बसवावी. स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून होज कुठे ताणला किंवा घासला जात नाही, हे पाहावे.

नंतर एअर काढणे. सर्वसाधारणपणे मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करतात, म्हणजे आपल्याकडे मागच्या डाव्या चाकापासून. काही गाड्यांचा क्रम वेगळा असतो, तो त्या गाडीच्या पुस्तकात पाहावा. बाहेर आलेले ऑईल पुन्हा भरू देऊ नये. शेवटी इंजिन चालू ठेवून पायडल मिनिटभर जोरात दाबून धरावे. ते हळूहळू खाली गेले, तर कुठेतरी गळती आहे. मग मोकळ्या मैदानात, माल न भरता, कमी वेगात ब्रेक मारून पाहावा.

राहता राहिले ऑईल. डबा उघडा राहिला की ते हवेतील ओल शोषते. डॉट ३ चे नवे ऑईल २०५ अंशांवर उकळते, ओल धरल्यावर १४० अंशांवर. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५. कन्नडच्या घाटातून चाळीसगावकडे माल घेऊन उतरताना ब्रेक सतत दाबले की जुने ऑईल उकळून वाफ होते, आणि पाय सरळ तळाला जातो. उतारावर म्हणूनच खालचा गिअर वापरावा. ऑईल दर दोन वर्षांनी बदलावे. त्यात इंजिन ऑईल चुकूनही घालू नये. रबरी सील फुगून सगळे काम पुन्हा करावे लागते.

मालवाहू गाडीला आठ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेस लागतेच. त्या तारखेच्या आधीच्या आठवड्यात, दुकान बंद असेल त्या दिवशी, गाडी एकदा उचलून या नळ्या पाहून घ्याव्यात.