आधी व्हिसा, मग नोकरी

अमीरपेटला मैत्रीवनमच्या आसपास भिंत दिसत नाही, पाट्याच दिसतात. जावा, सॅप, टेस्टिंग, क्लाउड. नांदेड, लातूर, परभणीकडच्या इंजिनिअर पोरांना हा भाग नवा नाही. निजामाच्या राज्यात त्यांच्या पणजोबांना कज्जा-अर्जासाठी हैदराबाद गाठावे लागे. पणतू रात्रीच्या गाडीने येतो, पीजीत राहतो आणि कोर्स करतो. अलीकडे या पाट्यांच्या गर्दीत जर्मनीनेही जागा पटकावली आहे आणि ‘जॉब व्हिसा’ हा शब्द सर्रास कानावर येतो. घोळ तिथूनच सुरू होतो. कारण जर्मनी जो व्हिसा देऊ करते, तो नोकरी शोधण्यासाठी आहे. नोकरी त्यात धरलेली नाही.

हैदराबादेत व्हिसा म्हणजे आजवर अमेरिका. २००८ मध्ये बेगमपेटच्या पायगा पॅलेसमध्ये अमेरिकी वाणिज्य दूतावास सुरू झाला, २०२३ मध्ये तो नानकरामगुड्याच्या नव्या इमारतीत गेला. पण काम शोधायला या, असे म्हणणारा व्हिसा अमेरिकेकडे नाहीच. एच-१बी या कामाच्या व्हिसाचा अर्ज मालक करतो. वर्षाला ८५ हजार जागा, त्याही सोडतीने, आणि सप्टेंबर २०२५ पासून देशाबाहेरच्या उमेदवारासाठी नवा अर्ज केला तर वर एक लाख डॉलर. शोधायची मुभा मिळते ती तिथेच शिकलेल्यांना, पदवीनंतरच्या ओपीटी या कामाच्या मुभेच्या काळात. त्यातही बिनकामाचे दिवस एकूण ९० पेक्षा जास्त भरता कामा नयेत.

जर्मनीने हा क्रम उलटा केला. १ जून २०२४ पासून तिथे ‘शान्सेनकार्टे’ सुरू झाले. आपल्याकडे त्याला ऑपॉर्च्युनिटी कार्ड म्हणतात. एक वर्षापर्यंत राहा, आठवड्याला २० तास काम करा, एखाद्या कंपनीत दोन आठवडे चाचणीदाखल काम करून पाहा, आणि पक्की नोकरी मिळाली की तिथल्या तिथे कामाच्या परवान्यासाठी अर्ज करा.

कन्सल्टन्सीवाले या कार्डासाठी सगळ्यांना सरसकट गुणांचा तक्ता दाखवतात, पण तो सगळ्यांना लागू नाही. आधी ‘अनाबिन’ हा जर्मन सरकारी माहितीसाठा फुकटात पाहावा. आपल्या विद्यापीठापुढे ‘एच प्लस’ ही मान्यतेची खूण असेल आणि आपली पदवी तिथे समकक्ष ठरली असेल, तर गुण मोजायची गरजच उरत नाही. चार वर्षांच्या बी.ई.वाल्या बऱ्याच जणांचे काम इथेच होऊन जाते. पदवी यादीत सापडली नाही तर २०८ युरो भरून जर्मनीतून दाखला मागवता येतो.

राहिलेल्यांनी ६ गुण जमवायचे. त्याआधी भाषेची किमान पातळी, इंग्रजी बी२ किंवा जर्मन ए१, हवीच. समजा तीन वर्षांची बी.एससी. झालेला २७ वर्षांचा तरुण आहे आणि त्याच शाखेतला दोन वर्षांचा अनुभव आहे. वयाचे २, अनुभवाचे २, इंग्रजी सी१ असेल तर १. झाले ५. सहावा गुण ए२ जर्मनचा. म्हणजे नेटाने क्लास केला तर काही महिन्यांचे काम. नुकताच पास झालेल्याचे गणित मात्र अवघड आहे. वयाचे २ आणि इंग्रजीचा १ धरून ३ होतात; उरलेले ३ मिळवायला बी२ जर्मन लागते. त्याची शाखा जर्मनीतल्या मनुष्यबळ-टंचाईच्या यादीत असेल तर एक गुण वाढतो आणि बी१ वर भागते. हा हिशेब कागदावर पाच मिनिटांत होतो. त्यासाठी कोणाला हजारो रुपये मोजायचे कारण नाही.

खरा अडसर पैशाचा. २०२५ च्या दराने महिन्याला १,०९१ युरो, म्हणजे वर्षाचे १३,०९२ युरो सहसा आधी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये दाखवावे लागतात. रुपयात साधारण तेरा लाख. ही फी नव्हे, व्हिसाची फी फक्त ७५ युरो आहे. पैसे आपल्याच नावावर राहतात आणि महिन्याच्या महिन्याला सुटतात. पण सुटतात ते खोलीभाड्यात आणि जेवणात संपायलाच. बाप शेत गहाण टाकून ही रक्कम उभी करत असेल, तर त्याला हे नीट कळायला हवे की मुलाला नोकरी लागलेली नाही. शोधाचा खर्च आणि शोध फसण्याचा धोका, दोन्ही उमेदवाराच्या खिशातून जातात. जर्मनीला माणसे हवी आहेत हे खरे. ऑक्टोबर २०२४ मध्ये भारतीय कुशल कामगारांसाठीचे वार्षिक व्हिसा २० हजारांवरून ९० हजारांवर नेण्याचे त्यांनी जाहीर केले. पण मुलाखत घेणारा बहुधा जर्मनमध्ये बोलणार, आणि ए२ वाला तिथे अडखळणार. माझे मत विचाराल तर कार्डासाठी एकही गुण कमी पडत नसला तरी बी१ करूनच निघावे.

उस्मानसागरच्या काठी चिलकूरच्या बालाजीला लोक व्हिसासाठी ११ प्रदक्षिणा घालतात आणि मिळाला की १०८ घालून नवस फेडतात. तिथे हुंडी नाही, त्यामुळे हा तरी खर्च वाचतो. पण शोधाच्या व्हिसावाल्याने १०८ कधी घालायच्या, व्हिसाचा शिक्का बसल्यावर की नोकरी लागल्यावर, हा प्रश्न अजून कोणी सोडवलेला दिसत नाही.

हे सगळे पदवी किंवा किमान दोन वर्षांचे मान्यताप्राप्त व्यावसायिक शिक्षण असलेल्यांपुरते. संयुक्त अरब अमिरातीनेही २०२२ मध्ये ६० ते १२० दिवसांचा नोकरीशोध व्हिसा काढला, पण त्याला तर किमान पदवीच लागते. निजामाबाद-करीमनगरचा किंवा सीमेअलीकडच्या धर्माबाद-देगलूरचा गवंडी, ड्रायव्हर कामाच्या शोधात निघतो तो साध्या व्हिजिट व्हिसावर. त्याच्यासाठी १९८३ चा उत्प्रवासन कायदा आहे. दहावी न झालेल्याच्या पासपोर्टवर ईसीआरचा, म्हणजे ‘उत्प्रवासन मंजुरी आवश्यक’ असा शेरा असतो आणि १८ देशांत नोकरीला जाताना प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स या सरकारी अधिकाऱ्याची मंजुरी घ्यावी लागते. नोंदणीकृत एजंटला ३० हजार रुपये आणि जीएसटीपेक्षा जास्त घेता येत नाही, १० लाखांचा विमा सक्तीचा असतो. तेलंगण सरकारची ‘टॉमकॉम’ ही कंपनी स्वतःच नोंदणीकृत भरती एजंट आहे. पण हे सारे हातात नोकरीचा करार असलेल्यासाठी. व्हिजिट व्हिसावाला कागदोपत्री फिरायला गेलेला असतो, म्हणून ना मंजुरी, ना विमा, ना एजंटच्या फीवर मर्यादा. आणि गवंडी दहावी पास असला, तर रीतसर करारावर जातानाही त्याला प्रोटेक्टरची मंजुरी लागत नाही. पासपोर्टवर शेराच नसतो.