नेवाशाच्या नदीकाठात हाडांचे दगड कसे झाले?

महाराष्ट्राचा बराचसा भाग काळ्या कातळावर उभा आहे. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा हा खडक. त्यात जीवाश्म सहसा मिळत नाहीत. त्यासाठी गाळ साचावा लागतो. तमिळनाडूतल्या अरियालूरकडच्या खडकांत समुद्री जीवांचे जीवाश्म आहेत, कारण तिथे एकेकाळी समुद्राचा गाळ साचला. अहिल्यानगर जिल्ह्याला (पूर्वीचं अहमदनगर) समुद्र नाही. इथे ते काम नदीने केलं.

प्रवरा सह्याद्रीत, अकोले तालुक्यात उगम पावते आणि नेवासा तालुक्यात गोदावरीला मिळते. पुरात वाहून आलेले गोटे, वाळू आणि माती तिच्या काठाला थरांनी साचत गेले. बेसॉल्टची झीज होताना चुना सुटतो. तो पाण्यासोबत गोट्यांच्या फटींत मुरतो आणि सुकल्यावर सिमेंटसारखं काम करतो. त्यामुळे काही थर इतके घट्ट झालेत की कुदळही सहज लागत नाही. अशा थरात अडकलेल्या हाडांच्या बारीक छिद्रांत पाण्यातली खनिजं भरत जातात. हाडाचा आकार तसाच राहतो, वजन मात्र दगडाचं होतं.

ज्ञानेश्वरीमुळे ओळखलं जाणारं नेवासा पुरातत्त्वाच्या नकाशावर आलं ते १९५४ नंतर. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. ह. धी. सांकलिया यांना इथल्या थरांत प्राण्यांचे जीवाश्म आणि अश्मयुगीन हत्यारं मिळाली. त्यात 'बॉस नामाडिकस' हा नामशेष झालेला रानबैल होता. नाव नर्मदेवरून पडलेलं. आज पोळ्याला सजणारा वशिंडाचा बैल याच भारतीय रानबैलांच्या वंशातला मानला जातो! पुढे १९६०च्या दशकात गुद्रून कोर्विनस यांनी जवळच चिरकी इथे उत्खनन करून आदिमानवाच्या दगडी हातकुऱ्हाडी शोधल्या. मध्य पुराश्मयुगातल्या हत्यारांच्या परंपरेला तर 'नेवासियन' असं नावच मिळालं.

या सगळ्यात थर सर्वांत महत्त्वाचा. हाड कुठल्या थरात होतं, सोबत कोणती हत्यारं होती, यावरूनच त्याचा काळ आणि तेव्हाचं हवामान कळतं. थरातून निसटलेलं हाड फक्त शोभेची वस्तू उरतं. अवैध वाळूउपशाची खरी भीती इथेच आहे. पात्रातली वाळू खोलवर काढली की काठ खालून पोकळ होतो आणि पावसाळ्यात दरड नदीत कोसळते. एकदा विस्कटलेला थर पुन्हा लावता येत नाही.

काठावर असं हाड दिसलं, तर ते उपटू नये. जागेवरच फोटो काढावा, ठिकाण लिहून ठेवावं आणि पुरातत्त्व विभागाला कळवावं.