डेबियनच्या दारातली रांग
डेबियन ही लिनक्सची १९९३ साली सुरू झालेली प्रणाली. ती कोणत्याही कंपनीच्या मालकीची नाही, जगभरचे स्वयंसेवक ती चालवतात. तिच्यात नवे सॉफ्टवेअर आणायचे, तर आधी ‘हे मी करायला घेतो आहे’ अशी जाहीर नोंद करावी लागते, म्हणजे दोघे जण एकाच कामात अडकत नाहीत. मग मूळ कोडचे पॅकेज बांधायचे. त्याला कोणत्या लायब्ररी लागतात आणि ते कोण सांभाळणार, हे ठरावीक फाइलींत लिहायचे. नवख्याला ते थेट अपलोड करता येत नाही. एखादा अधिकृत डेव्हलपर तपासून आपल्या डिजिटल सहीने पुढे पाठवतो. त्यानंतर ‘न्यू’ नावाची रांग लागते आणि तिथे माणसे पॅकेज उघडून वाचतात. यात कधी दिवस जातात, कधी महिने. याबद्दलची कुरकुर जुनी आहे आणि समजण्यासारखीही आहे. तरीही हा उशीर वापरणाऱ्याच्या हिताचाच आहे, असे माझे ठाम मत आहे.

रांगेत मोठा भर असतो तो परवान्यांवर. समजा, एका प्रोग्रॅमचा परवाना पूर्ण मुक्त आहे, पण आतल्या एका फोल्डरातला फॉन्ट ‘व्यावसायिक वापर वगळून’ या अटीवर दिलेला आहे. तेवढ्यावरून पॅकेज परत येते, कारण १९९७ साली स्वीकारलेल्या निकषांनुसार अमुक क्षेत्रात वापरू नका, अशी अट चालत नाही. हा कीस पाडला जातो म्हणूनच डेबियनच्या मुख्य भांडारातून लोहित देवनागरी फॉन्ट किंवा छापील अक्षरे ओळखणाऱ्या टेसरॅक्टचा मराठी डेटा घेणाऱ्या छापखान्याला तो धंद्यात वापरता येईल की नाही, याची काळजी करावी लागत नाही.

दार सताड उघडे ठेवले तर काय होते, हेही दिसले आहे. आर्च लिनक्सच्या ‘एयूआर’ या भांडारात कोणीही पॅकेज टाकू शकतो. वाचून घ्यायची जबाबदारी वापरणाऱ्याची. २०१८ साली तिथले एक बेवारस पॅकेज कोणीतरी ताब्यात घेऊन त्यात घातक कोड घातला. २०२५ साली ब्राउझरच्या नावांशी साधर्म्य असलेल्या पॅकेजांतून संगणकाचा ताबा घेणारा प्रोग्रॅम पसरवला गेला. सगळ्यांनी वाचावे अशी अपेक्षा असली, की बहुतेकदा कोणीच वाचत नाही.

यावरचा खरा आक्षेप वेगळा आहे: तपासणी असूनही डेबियन चुकलेच ना? चुकले. २००६ साली डेबियनमध्येच ओपनएसएसएल या सांकेतिकीकरणाच्या लायब्ररीच्या कोडमधून काही ओळी काढल्या गेल्या. त्यामुळे सुरक्षेच्या किल्ल्या ओळखता येण्याजोग्या झाल्या आणि हे २००८ साली उघड झाले. २०२४ मध्ये एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या साधनाच्या प्रकाशित फाइलींत चोरवाट लपवलेली निघाली. दूरच्या संगणकावर एसएसएचने लॉगिन करताना लागणाऱ्या जेमतेम अर्ध्या सेकंदाच्या उशिराचा माग काढताना आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रॅमरना ती सापडली. ही दोन्ही पॅकेजे जुनी होती. प्रवेशाची रांग ती पुन्हा तपासत नाही. पण एक्सझेडची ती आवृत्ती ‘अनस्टेबल’ आणि ‘टेस्टिंग’ या टप्प्यांवरच पकडली गेली, सर्वसामान्य वापरासाठीच्या ‘स्टेबल’पर्यंत पोचली नाही. टप्प्याटप्प्याने पुढे सरकण्याचा संथपणा इथे कामी आला. दारातली तपासणी पुरेशी नाही, हे या घटनांनी दाखवले. ती सैल करावी, असे त्यांतून कुठेच निघत नाही.

उरते ती माणसांची चणचण. डेबियनकडे सांभाळणारा न उरलेल्या पॅकेजांची जाहीर यादी असते. नवे पॅकेज घेऊन येणाऱ्याने आधी त्यातले एखादे हाती घ्यावे: तक्रारी निस्तराव्यात, नवी आवृत्ती बांधावी. पुढे आपल्या पॅकेजसाठी सही देणारा डेव्हलपर शोधताना दाखवायला हे काम हाताशी असते, आणि सही देणाऱ्यालाही माणूस पारखता येतो.