सारंगखेड्याला घोडा घ्यायला जाताना

दिवाळीच्या अमावस्येनंतर दीड महिन्यानं मार्गशीर्ष पौर्णिमा येते. दत्तजयंतीच्या त्या दिवसापासून नंदुरबार जिल्ह्यात, तापीकाठच्या सारंगखेड्याला एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तिच्यासोबत घोड्यांचा बाजार. मारवाडी, काठेवाडी, पांढरेशुभ्र नुकरे अशी जनावरं ओळीनं बांधलेली असतात. बोली काही हजारांपासून कित्येक लाखांपर्यंत जाते. पहिल्यांदा घोडा घेणारा माणूस इथं हरखून जातो, आणि हरखलेलं गिऱ्हाईक व्यापाऱ्याला लांबूनच कळतं.

भाव कशाकशानं चढतो ते आधी समजून घ्यावं. मारवाडीच्या कानांची टोकं आत वळून एकमेकांना भिडत असतील, तर भाव चढला. चारही पाय आणि तोंड पांढरं म्हणजे पंचकल्याण, पुन्हा चढला. गळ्यावर देवमण भोवरा असेल, उंची चार इंच जास्त असेल, ताशावर पाय उचलून नाचत असेल, तर विचारूच नका. पैदास करणाऱ्याला किंवा वरातीसाठी घोडा ठेवणाऱ्याला या गोष्टींचे पैसे वसूल होतात. शिकाऊ स्वाराला होत नाहीत. उलट नाचाचा घोडा रस्त्यात कुठं ढोल वाजला की जागच्या जागी उसळायला लागतो, आणि वर बसलेल्याची मांड अजून पक्की झालेली नसते.

माझी पहिली घोडी मी कान बघूनच घेतली. चौथ्या दिवशी ती पुढच्या डाव्या पायानं लंगडू लागली. बाजारात तिला वेदनाशामक टोचलेलं असावं, असं डॉक्टर म्हणाले. पैसे गेले ते गेले, पण तीन दिवस मी त्या दुखऱ्या पायावर स्वारी केली, हे अजून सलतं.

म्हणून आता मी पायांपासून सुरुवात करतो. कडक जमिनीवर, दोरी ढिली सोडून, घोडा समोरून येताना आणि पाठमोरा जाताना दुडकी चालवून घ्यायचा. पुढचा दुखरा पाय टेकताना डोकं वर उचललं जातं, चांगला पाय टेकताना खाली येतं. मग चारही खूर उचलून बघायचे. तळव्यातल्या त्रिकोणी मऊ भागाला कुजका वास येत असेल, तर तबेला ओला आणि मालक निष्काळजी. घोडा पाय किती सहज देतो, हेही तिथंच कळतं. शक्य असेल तर न सांगता दुसऱ्यांदा, सकाळी सकाळी जावं. औषधाचा अंमल उतरलेला असतो.

वय दातांत असतं. खालचे मधले दोन दुधाचे दात अडीच वर्षांला पडतात, त्यांच्या शेजारचे साडेतीनला, कडेचे साडेचारला; पाचव्या वर्षी तोंड भरतं. पुढं दातांवरचे काळे खळगे झिजत जातात, मधल्यांचे सहाव्या वर्षाच्या सुमारास, कडेच्यांचे आठव्याच्या. त्यानंतर फक्त अंदाज. म्हाताऱ्या घोड्याच्या दातांवर खळगे कोरून, डागून त्याला तरुण दाखवण्याची लबाडी फार जुनी आहे. नवख्यानं आठ ते चौदा वर्षांचं जनावर घ्यावं असं माझं ठाम मत आहे. घोडी किंवा आख्ता, म्हणजे खच्ची केलेला घोडा चालेल, नर नको. तीन वर्षांचं शिंगरू स्वस्त मिळतं खरं, पण शिकणारा वर आणि शिकणाराच खाली, अशी जोडी जमत नाही. शर्यतीतून निवृत्त झालेल्या घोड्यांनाही हेच लागू. ती पळायला तयार केलेली असतात, थांबायला नव्हे.

स्वभाव बघायचा तर घोडा मोकळा असल्यापासून बघा. पकडताना, खरारा करताना, खोगीर कसताना कान मागे जातात का? आधी मालकाला बसायला सांगा, मग तुम्ही बसा. “दादा, लेकरू बसवा यावर!” असं म्हणणारा स्वतः बसायला का कू करत असेल, तर पुढच्या दावणीकडं वळा. शेवटी त्याला इतर घोड्यांपासून एकटा दूर न्या. थोडं खिंकाळून मागं येणारा घोडा मला मान्य आहे, जागेवर खिळून उभा राहणारा नाही.

आता भाव. काही जुने दलाल अजून रुमालाखाली बोटं धरून सौदा करतात. शेजारच्याला आकडा कळत नाही. तिथं आपला हात देऊ नये, आकडा तोंडानं बोलावा. भाव ठरवताना खर्चाचा हिशेब मागून करू नका, आधी करा. चारशे किलोच्या घोड्याला दिवसाला सुमारे आठ किलो कोरडा चारा-खुराक आणि २५ ते ४० लिटर पाणी लागतं, सहा ते आठ आठवड्यांनी नालबंद लागतो. हा वर्षाचा खर्च वहीत मांडून मगच जनावराचा आकडा ठरवा. विसार देताना पशुवैद्याच्या तपासणीची अट घाला, आणि ग्लँडर्सच्या रक्तचाचणीचा निकाल हातात आल्याशिवाय उरलेले पैसे देऊ नका. हा रोग माणसालाही होतो आणि लागण झालेला घोडा वाचवता येत नाही. हिसारचं राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र ही चाचणी करतं.

आणि सौदा झाल्यावर एक विचारा: हा आजवर काय खात होता? त्यातलाच आठवडाभराचा चारा गाडीत भरून घ्या आणि आपला चारा त्यात हळूहळू मिसळा. घर, माणसं, पाणी सगळं बदललेलं असतं. त्यात दाणाही एकदम बदलला की पोटशूळ उठतो.