आतड्याला पडलेला पीळ आणि शस्त्रक्रियेचे पर्याय

स्मरणिकेसाठी आरोग्यविषयक लेख हवा, असे संपादक मंडळाने सुचविले, तेव्हा वैद्यकीय क्षेत्रात काम करणाऱ्या आम्ही काही माजी विद्यार्थ्यांनी मधुमेह व रक्तदाब हे परिचित विषय बाजूला ठेवून हा विषय निवडला. या आजारावरील उपचार वैद्यकशास्त्राला उत्तम अवगत आहेत. अनेक रुग्ण मात्र उपचाराच्या अर्ध्या वाटेवरून घरी परततात. ही वाट पूर्ण का चालावी लागते, हे सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

मोठे आतडे साधारण दीड मीटर लांबीचे असते. त्याचा गुदाशयाच्या लगेच वरचा वळणदार भाग म्हणजे सिग्मॉइड. एका पातळ पडद्याने तो पोटाच्या मागील भिंतीशी जोडलेला असतो आणि त्याच पडद्यातून त्याला रक्तपुरवठा होतो. काही व्यक्तींत हे वळण नेहमीपेक्षा लांब असते व पडद्याचे बूड अरुंद असते. झोपाळ्यावर बसून मुलांनी गिरक्या घेतल्या की दोन्ही दोर जसे एकमेकांत गुंततात, तसे हे आतडे स्वतःभोवती फिरते. मल व वायू आत कोंडतात, आतडे फुगते, रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि वेळेत सुटका न झाल्यास आतडे काळे पडून कुजू लागते. पाश्चात्त्य देशांत हा आजार प्रामुख्याने अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांत दिसतो. भारतात व आफ्रिकेत तो कष्टकरी, मध्यमवयीन पुरुषांतही आढळतो.

पोट एकाएकी ढोलासारखे फुगणे, कळा येणे, शौच व वायू दोन्ही पूर्णपणे बंद होणे, ही लक्षणे. उलट्या बहुधा उशिरा सुरू होतात. घरोघरी याला ‘नळ भरले’, ‘वायगोळा उठला’ असे म्हणतात आणि एरंडेल पाजून पोट चोळतात. वाट बंद असताना रेचक देणे म्हणजे आतला दाब वाढविणे होय. म्हणून अशा वेळी तोंडाने काहीही न देता रुग्णालय गाठावे. साध्या क्ष-किरण चित्रातही फुगलेले आतडे पुष्कळदा कॉफीच्या मोठ्या बीसारखे दिसते. सीटी स्कॅनमध्ये पिळाचा भोवराच दिसतो.

आतडे कुजल्याची वा फुटल्याची चिन्हे नसतील, तर लगेच पोट उघडावे लागत नाही. सलाइन देऊन रुग्णाला सावरल्यावर गुदद्वारातून दुर्बीण आत नेली जाते व पीळ सोडविला जातो. कोंडलेला वायू व मल वेगाने बाहेर पडतात, काही मिनिटांत पोट सपाट होते आणि एक-दोन दिवसांसाठी आत रबरी नळी ठेवली जाते. नॉर्वेचे शल्यचिकित्सक ब्रूसगार्ड यांनी १९४७ साली या पद्धतीचे अनुभव प्रसिद्ध केले. त्यानंतर ती जगभर रुजली.

खरा पेच येथून पुढे आहे. रुग्णाला बरे वाटते, पेरणी खोळंबलेली असते, खर्चाची धास्ती असते आणि ‘आता कशाला चिरफाड?’ असे म्हणून नातलग सुटी मागतात. परंतु लांब वळण व अरुंद बूड जागच्या जागीच असते. केवळ पीळ सोडविलेल्या रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांत, काही ठिकाणी त्याहूनही अधिक जणांत, तो पुन्हा पडतो, आणि पुढच्या खेपेस रुग्णालय वेळेत गाठता येईलच असे नाही. म्हणून प्रकृती साथ देत असेल तर त्याच मुक्कामात सिग्मॉइडचा लांबलेला भाग काढून उरलेली दोन टोके जोडणे, हा आमच्या मते सर्वांत भरवशाचा पर्याय होय. आतडे रिकामे व निरोगी असताना सांधा चांगला भरून येतो. अनुभवी हातांत हीच शस्त्रक्रिया दुर्बिणीनेही होते. आतडे न कापता पोटाच्या भिंतीशी टाके घालून बसविणे किंवा पडद्याचे बूड रुंद करणे, हे पर्यायही आहेत. शस्त्रक्रिया लहान असते, पण पीळ पुन्हा पडण्याची शक्यता अधिक उरते.

आतडे काळे पडले असेल तर निवड उरत नाही. तातडीने पोट उघडून तो भाग काढावा लागतो, आणि तोही पीळ न सोडविता. अन्यथा आत साचलेले विष रक्तात पसरते. रुग्ण स्थिर असल्यास टोके लगेच जोडता येतात. तो खालावलेला असल्यास वरचे टोक पोटावर आणून तेथे पिशवी लावतात व खालचे टोक बंद करतात. फ्रेंच शल्यचिकित्सक हार्टमन यांनी ही पद्धत १९२१ साली कर्करोगासाठी मांडली होती.

पोटावरच्या पिशवीची भीती आम्ही जवळून पाहतो. काही जण तिच्यापायी शस्त्रक्रियेची संमतीच देत नाहीत, काही पंगतीत बसणे सोडतात. पिशवी नीट बसविली तर दुर्गंधी येत नाही. जखम भरल्यावर प्रवास, कामधंदा, अंघोळ सारे करता येते. बहुतेक वेळा काही महिन्यांनी दुसऱ्या शस्त्रक्रियेने टोके पुन्हा जोडण्याचा विचार करता येतो. फार वृद्ध वा दुर्बळ रुग्णांत मात्र पिशवी कायम ठेवणेच सुरक्षित ठरते. हे संमतिपत्रावर सही करण्यापूर्वीच विचारून घ्यावे.

मोठ्या आतड्याच्या आरंभी, उजव्या बाजूलाही क्वचित पीळ पडतो. तेथे दुर्बिणीचा उपयोग सहसा होत नाही. तो भाग शस्त्रक्रियेनेच काढावा लागतो. खर्चाविषयी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेशी संलग्न रुग्णालयात आरोग्यमित्राकडे चौकशी करावी. शिधापत्रिका व आधार कार्ड सोबत असावे.