घड्याळ बरोबर, वेळापत्रक कुठलं?

सहरी संपत आली असताना हातातलं पाणी प्यावं की ठेवावं, हे घड्याळावर ठरतं. चावीचं घड्याळ दिवसाला अर्धा मिनिट सहज पुढे-मागे होतं. आठवड्यात फरक तीन-साडेतीन मिनिटांवर जातो. मागे पडलेलं घड्याळ सहरी लांबवतं, पुढे गेलेलं इफ्तार वेळेआधी करवतं. म्हणून जुनी माणसं आकाशवाणीच्या बातम्यांआधीच्या ठोक्यांवर घड्याळ लावून घेत. आता नेटवर्कशी जोडलेल्या मोबाईलवरून लावलं तरी चालतं.

पण प्रमाणवेळ साऱ्या देशाची एक, पहाट मात्र ज्या-त्या गावची. हातकणंगले मुंबईच्या सुमारे दीड अंश पूर्वेला. अंशाला चार मिनिटं या हिशेबाने इथे सूर्य जवळपास सहा मिनिटं आधी येतो. मुंबईचं वेळापत्रक पाळलं तर इफ्तारला नुसता उशीर होतो. सहरी मात्र पहाट उजाडल्यावरही चालू राहते. घड्याळ बिनचूक असूनही रोजा धोक्यात!

तेव्हा चाँदरातीला दोन कामं करावीत. घड्याळ लावून घ्यावं आणि भिंतीवरचं वेळापत्रक आपल्याच भागाचं आहे का, ते पाहावं. चावी मग रोज तरावीहनंतर, न चुकता.